ऑफिसातल्या कॉम्प्युटरची घड्याळं का चुकतात?

मदरबोर्डवरचा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि मशीन बंद असताना सीआर२०३२ या नाण्यासारख्या चपट्या सेलवर वेळ राखतो. त्यात दहा लाखांत २० भागांची चूक असली, तरी महिन्याला जवळपास ५२ सेकंदांचा फरक पडतो. कुणाचं घड्याळ पुढे धावतं, कुणाचं मागे रेंगाळतं.

विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरच्या लॉगिनखाली बांधलेल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, केर्बेरॉस ही ओळख पटवणारी पद्धत लॉगिनसाठी डिजिटल तिकिटं देते आणि त्यांची वेळ तपासते. फरक ५ मिनिटांवर गेला की तिकीट नाकारलं जातं. मग पासवर्ड बरोबर असूनही शेअर फोल्डर उघडत नाही, आणि लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात.

वेळ जुळवण्याचं काम एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) करतो, यूडीपी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून. समजा, मशीनने आपल्या घड्याळाप्रमाणे ० मिलिसेकंदाला विचारणा पाठवली. सर्व्हरच्या घड्याळात ती २०३० व्या मिलिसेकंदाला पोचली, उत्तर २०३१ व्याला निघालं आणि मशीनला ते स्वतःच्या घड्याळात ६१ व्याला मिळालं. सर्व्हरचा १ मिलिसेकंद वजा करता प्रवास ६० चा, म्हणजे जाताना ३० आणि येताना ३०. तेव्हा मशीन बरोबर २ सेकंद मागे आहे. गोम आहे ती या 'निम्मे-निम्मे'त. जाताना ५० आणि येताना १० लागले असतील, तर हिशेब २० मिलिसेकंदांनी चुकतो, आणि एका फेरीवरून ते कळतही नाही.

बाहेर वेळ विचारायची ती फक्त पीडीसी एम्युलेटर असलेल्या, म्हणजे डोमेनमध्ये वेळेचा मुख्य असलेल्या सर्व्हरने. बाकीची मशीन डोमेनच्या उतरंडीतून वेळ घेतात. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हा बाहेरचा स्रोत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, नाहीतर त्यांच्याशी जुळवलेला हवा. दोनच स्रोत दिले आणि त्यांच्यात फरक पडला, तर खोटा कोण हे ठरत नाही; चार द्यावेत. हा सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या पोटात चालणारा असेल, तर त्या मशीनकडून (होस्टकडून) वेळ घेण्याची सोय त्याच्यापुरती बंद करा. नाहीतर दोन मालक त्याचं घड्याळ दोन बाजूंना ओढत राहतात.

या सर्व्हरला वेळेचा स्रोत विचारल्यावर 'लोकल सीएमओएस क्लॉक', म्हणजे मदरबोर्डचंच घड्याळ, असं उत्तर आलं, तर सर्व्हर कुणाकडूनच वेळ घेत नाहीये. बहुतेक वेळा फायरवॉलने १२३ चा पोर्ट अडवलेला असतो. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर एनटीपीला हात लावू नका, टाइमझोन बघा. आणि रोज सकाळी एखादंच मशीन जुन्या सालात उठत असेल, ब्राउझर वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटवरून कुरकुरत असेल, तर मदरबोर्डवरचा तो ३ व्होल्टचा सेल बदला.