सोनोग्राफीत कोलेस्टेरॉल दिसतं का हो?

आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमीचा. उत्तर: नाही दिसत. रक्तात कोलेस्टेरॉल किती, हे रक्ताचं लिपिड प्रोफाइलच (रक्तातल्या चरबीची तपासणी) सांगतं. ते केलं नसेल तर आधी ते करा, आमच्याकडे नंतर या. स्कॅनमध्ये कळतं ते एवढंच, की जास्तीची चरबी शरीरात कुठे जाऊन बसली आहे.

सगळ्यात जास्त सापडतं फॅटी लिव्हर, तेही बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या पोटाच्या सोनोग्राफीत. चरबी साठलेलं लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा पांढरट दिसतं. ‘ग्रेड १’ (म्हणजे सौम्य) वाचून कुणी घाबरतं, कुणी रिपोर्ट कपाटात टाकून मोकळं होतं. दोन्ही नको. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि साखर तपासून घ्या. चरबी थोडीच असेल तर सोनोग्राफीत ती निसटते, तेव्हा नॉर्मल रिपोर्टवरून लिपिड नॉर्मल असं समजू नका.

हृदयासाठी सीटीवर कॅल्शियम स्कोअर काढतात. इंजेक्शन नाही, डाय नाही. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरावर काळाने चुना धरतो, तो मोजायचा. मोजायची ही पद्धत १९९० पासूनची, अ‍ॅगॅटस्टन यांच्या नावाची. स्कोअर शंभराच्या वर गेला की डॉक्टर बहुधा कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विषय काढतात. शून्य आला तर चांगलंच, पण चुना न धरलेली मऊ चरबी यात दिसत नाही, आणि तरुणांत नेमकी तीच असू शकते. म्हणून पंचविशीतल्या मुलांना आम्ही सहसा हा स्कॅन करू नका म्हणतो. क्ष-किरणं थोडी असली तरी उगाच कशाला? छातीत दुखत असेल तर मात्र इथे न येता थेट हॉस्पिटल गाठा.

आता टाचेबद्दल. टाचेमागची जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, काहींची फुगलेली असते. बूट चावतो म्हणून दाखवायला येतात. सोनोग्राफीत ती जाड आणि मधूनमधून काळपट दिसली, की तिथे कोलेस्टेरॉल साठल्याची शंका येते आणि आम्ही एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) किती ते विचारतो. साधारण अडीचशे माणसांत एकाला कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं, कारण रक्तातलं एलडीएल लिव्हरला नीट उचलता येत नाही. (ही यंत्रणा उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.) ‘मी बारीक आहे, तेलकट खात नाही’ ही सबब इथे चालत नाही. औषध चालू नसताना एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा घरातल्या एखाद्या पुरुषाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर टाच ठीक असली तरी डॉक्टरांना सांगा. एका पालकाला हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी, म्हणून भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासायला हवं.

पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी या, चहाही नको. कॅल्शियम स्कोअरला उपाशी राहायची गरज नाही, पण आधीचे चार तास चहा-कॉफी आणि सिगारेट टाळा. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर सीटीच्या आधी सांगा. लिपिड प्रोफाइल आणि जुने रिपोर्ट सोबत आणा; मोबाइलमधला फोटोही चालेल.