कीर्द आधी, खतावणी मागाहून

सांगलीच्या मार्केट यार्डातील जुन्या वळणाच्या पेढीवर झालेला व्यवहार आधी कीर्दीत, घडला त्या क्रमाने लिहिला जातो आणि मग सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवला जातो. खतावणी लिहिता लिहिता मुनिमाला मध्येच उठावे लागले, तरी कीर्द शाबूत असेपर्यंत हिशेब पुन्हा उभा करता येतो. एका स्नेह्यांच्या हळद-बेदाण्याच्या दुकानासाठी ऑनलाइन विक्रीचा सर्व्हर, म्हणजे ग्राहकांच्या मागण्यांना इंटरनेटवरून उत्तर देणारा संगणक, उभारताना मी हातभार लावला, तेव्हा ही जुनी शिस्त मला तिथे जशीच्या तशी भेटली.

ग्राहकाला मोबाइलवर दिसतात ती छायाचित्रे, किमती आणि बटणे म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग होय. मालाची मोजदाद, मागणीची नोंद आणि पैशांचा ताळा हे सारे मागे, सर्व्हरवर चालते. आमचा सर्व्हर मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला आहे. प्रकाशकिरण काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो आणि सांगली-मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे, म्हणजे निव्वळ जाण्यायेण्याला ३ मिलिसेकंद पुरतात. हाच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असता, तर प्रत्येक फेरीला किमान १३० मिलिसेकंद लागले असते. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होत असल्याने हा फरक हाताला जाणवतो.

खरी कसोटी मात्र वेगाची नसते. समजा, राजापुरी हळदीचे एकच पाकीट शिल्लक आहे आणि मिरजेतील व पुण्यातील दोन ग्राहकांनी एकाच क्षणी ते मागितले. सर्व्हरवरील प्रोग्रॅम आधी शिल्लक वाचून, मग त्यातून एक वजा करून, आलेला आकडा परत लिहीत असेल, तर दोघांसाठीही तो ‘एक’ वाचतो, दोघांसाठीही ‘शून्य’ लिहितो आणि एकच पाकीट दोघांना विकले जाते. गंमत अशी की चाचणी करताना ही चूक सहसा सापडत नाही, कारण चाचणी करणारा माणूस एकटा असतो. ‘शिल्लक किमान एक असेल तरच एक वजा कर’ अशी एकच अखंड आज्ञा डेटाबेसला, म्हणजे सर्व नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीला, देणे हा यावरचा उपाय आहे. पहिली आज्ञा पुरी होईपर्यंत डेटाबेस त्या नोंदीला कुलूप लावतो, दुसरीला थांबवतो, आणि तिची पाळी आली की अट पुन्हा तपासतो. अट पुरी होत नसल्याने दुसऱ्या ग्राहकाला ‘माल संपला’ असे कळते.

मागणी नोंदवणे आणि शिल्लक घटवणे या दोन्ही गोष्टी एकतर पूर्ण व्हाव्यात किंवा मुळीच होऊ नयेत, अशा गाठोड्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. या कल्पनेला पक्का पाया देणाऱ्यांपैकी जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातील मानाचा पुरस्कार मिळाला. पण मध्येच वीज गेली तर हे गाठोडे अर्धवट सुटत कसे नाही? इथे कीर्द येते. आम्ही वापरलेला पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये ओळीने लिहितो, तो डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करून घेतो आणि त्यानंतरच ‘झाले’ असे कळवतो. मुख्य तक्त्यांच्या फाइलींमध्ये तो बदल सावकाश उतरतो. यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाले की डेटाबेस लॉग वाचतो आणि राहिलेली खतावणी पुरी करतो. ज्या व्यवहाराची शेवटची ओळ लॉगमध्ये नाही, तो झालाच नाही असे धरतो.

पैसे मात्र या वहीबाहेर फिरतात. ग्राहकाने यूपीआयने रक्कम भरली आणि नेमका त्याच क्षणी आमचा सर्व्हर बंद पडला, तर बँकेतील व्यवहार आमच्या डेटाबेसला मागे घेता येत नाही. म्हणून ग्राहकाला पैसे भरायला पाठवण्यापूर्वीच मागणी ‘प्रलंबित’ अशी नोंदवून ठेवावी लागते. रक्कम मिळाल्याचा निरोप पेमेंट सेवा सर्व्हरला धाडते आणि पोच न मिळाल्यास तोच निरोप पुन्हा धाडते. साहजिकच एकच निरोप दोनदा येऊ शकतो. निरोप खरोखर पेमेंट सेवेचाच आहे ना, यासाठी आधी त्यावरील सांकेतिक सही तपासायची, मग व्यवहार क्रमांक पाहायचा आणि तो पूर्वी नोंदलेला असल्यास केवळ पोच देऊन गप्प बसायचे. हे न केल्यास एकाच रकमेत ग्राहकाला दोन पाकिटे जातात. रक्कमही रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावी, कारण ०.१ हा साधा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत आवर्ती ठरतो आणि नेमका लिहिता येत नाही.

त्या मानाने प्रत्यक्ष सर्व्हर चढवणे सोपे असते. बाहेरच्या जगासाठी ४४३ क्रमांकाचे सुरक्षित वेबचे दार (पोर्ट) उघडे ठेवायचे, डेटाबेसचे ५४३२ हे दार इंटरनेटला दिसूही द्यायचे नाही, पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहायचे नाहीत आणि प्रोग्रॅम कोसळलाच तर त्याला आपोआप उठवणारा राखणदार नेमायचा. ऐन दिवाळीच्या गर्दीत नवी आवृत्ती चढवू नये, हे माझे वैयक्तिक मत.

उरतो तो बॅकअप. सांगलीजवळ हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. सगळा साठा एकाच जागी ठेवण्याचा धोका इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तरीही आमच्या डेटाबेसची प्रत सुरुवातीला त्याच सर्व्हरच्या डिस्कवर पडून होती. आता ती रोज रात्री दुसऱ्या शहरातील साठ्यात जाते आणि महिन्यातून एकदा वेगळ्या यंत्रावर उघडून आदल्या दिवसाच्या विक्रीशी ताडून पाहिली जाते. पहिल्या तपासणीत ती उघडलीच नाही. डिस्क भरल्यामुळे फाइल अर्धवट लिहिली गेली होती, आणि तरीही रोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश येत होता.