धाप, पंखा आणि ‘नुसती हवा’

सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा) रुग्ण धाप लागली की खिडकीपाशी खुर्ची ओढतो, हे घरच्यांनी केव्हाच पाहिलेले असते. प्रयोगशाळेत ही गोष्ट पोचायला 1987 साल उजाडले. बोस्टनमध्ये निरोगी माणसांना मुद्दाम धाप लावून गालावर गार हवा सोडली. श्वसन फारसे न बदलताही धाप कमी जाणवली. गाल आणि नाकातल्या, चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूकडे तेव्हापासून बोट दाखवले जाते. 2002 मध्ये मज्जातंतूंतला गारवा टिपणारा ग्राही (रिसेप्टर) सापडला. मेन्थॉलही तोच चेतवतो. चोंदलेले नाक बाम हुंगल्यावर न उघडताही उघडल्यासारखे का वाटते, ते यावरून कळते.

खरा गुंता 2010 मधल्या एका चाचणीचा. रक्तातला ऑक्सिजन फारच खाली गेलेल्यांचे आयुष्य ऑक्सिजनने वाढते, हे 1980-81 मध्येच ठरले होते. पण ऑक्सिजन तितका कमी नसताना जे धापा टाकतात, त्यांचे काय? अशा 239 जणांपैकी काहींना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन दिला, बाकीच्यांना तशाच यंत्रातून खोलीतली हवा. मिनिटाला 2 लिटर, आठवडाभर. आराम दोन्ही गटांत पडला, जवळपास सारखाच. निष्कर्ष निघाला: ऑक्सिजनचा जादा फायदा नाही.

निष्कर्ष बरोबर, पण त्यात हवेला ‘प्लासिबो’, म्हणजे औषध नसलेला नुसता दिखाऊ उपचार, म्हटले गेले, आणि गोम तिथेच आहे. नाकपुडीत सतत झुळूक सोडायची आणि तिला ‘काहीच न देणे’ म्हणायचे? आराम हवेने पडला की आशेने, हे सांगायला काहीच न दिलेला तिसरा गट हवा होता. तो नव्हता. करोनात घेतलेला कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) घरात असला, की ऑक्सिमीटरवर 95 दिसत असतानाही नळी लावली जाते आणि ‘ऑक्सिजनने बरं वाटलं’ म्हटले जाते. त्यातली किती करामत नुसत्या झुळकीची, हा प्रश्न माझ्या मते अजून नीट विचारलेलाच नाही.

गंमत म्हणजे त्याच 2010 मध्ये केंब्रिजमधल्या चाचणीत हवा हेच औषध होते. हातातला छोटा पंखा 50 जणांनी पाच मिनिटे चेहऱ्यावर धरला, पाच मिनिटे पायांवर. धाप कमी झाली ती चेहऱ्यावर धरल्यावर. अर्थात वारा कुठे लागतोय हे रुग्णापासून लपवता येत नाही.

श्रमाच्या बाबतीत ‘गार’ हा शब्दच फसवा आहे. 1998 च्या फिनलंडमधल्या प्रयोगात शून्याखाली सुमारे 20 अंशांच्या थंडीत सीओपीडी रुग्णांची श्रम करण्याची ताकद घटली. चेहरा गारठला की श्वासनलिका आवळतात, हेही तिथे आधी दिसले होते. उलट 2015 मध्ये अमेरिकेत व्यायामाच्या सायकलवर, पंखा पायांऐवजी चेहऱ्यावर असताना रुग्णांनी जास्त वेळ पेडल मारले. रुग्ण मोजकेच होते. चालण्याच्या चाचण्यांत अंतर वाढतेच असे नाही. थांबल्यावर श्वास लवकर जागेवर येतो, असे मात्र काही रुग्ण सांगतात.