चिलखतात घामाचं काय व्हायचं?

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा होहेनसाल्झबर्ग किल्ला बघून आल्यापासून डोक्यात एकच विषय घोळतोय, की चिलखत घातलेल्या माणसाला आतमध्ये नेमकं काय होत असेल. किल्ल्याचं बांधकाम १०७७ मध्ये सुरू झालं आणि वर जायला १८९२ पासून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी, रेल्वे आहे, त्यामुळे आपण घाम न गाळता वर पोचतो आणि चिलखत दिसलं की सगळ्यांच्या तोंडी एकच, बापरे केवढं जड असेल!

जड असतंच. पंधराव्या शतकातलं युद्धाचं पूर्ण चिलखत साधारण २० ते ३० किलोचं असायचं. पण नाइट लोकांना, म्हणजे चिलखत घालून लढणाऱ्या युरोपातल्या घोडेस्वारांना म्हणे क्रेनने उचलून घोड्यावर बसवायचे, ही जी गोष्ट सर्रास सांगतात ती साफ खोटी आहे. फ्रान्सचा बुसिको नावाचा मार्शल होता, त्याच्या काळातल्याच चरित्रात लिहिलंय की तो शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चिलखत अंगावर असताना कोलांटी मारायचा. पत्रा जेमतेम एक ते दोन मिलीमीटर जाडीचा, आणि कोपराला, गुडघ्याला, बोटांना पोलादाच्या छोट्या छोट्या पट्ट्या एकमेकींवर सरकतील अशा रिव्हेटने आणि आतून चामड्याने जोडलेल्या. जवळ जाऊन पोलादी हातमोजा नीट बघा, एकेका बोटावर किती तुकडे आहेत ते. ज्याने हे केलं त्याला माणसाचा हात कसा वळतो ते पक्कं माहीत होतं!

मग त्रास कशाचा? एक तर वजन कुठे आहे याचा. २०११ मध्ये लीड्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी चिलखताच्या हुबेहूब प्रतिकृती घातलेल्या लोकांना ट्रेडमिलवर चालवलं आणि पळवलं, तर चालायला नेहमीच्या दुपटीहून थोडी जास्त आणि पळायला जवळपास दुप्पट ऊर्जा लागली. पाठीवर ओझं असलं तर ते धडाबरोबर पुढे जातं, पण पायाला बांधलेलं पोलाद प्रत्येक पावलाला उचला, पुढे फेका, थांबवा, परत उचला असं चालू राहतं, त्यामुळे पावलावरचा एक किलो पाठीवरच्या एक किलोच्या चार ते सहापट महाग पडतो. शिवाय छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, त्या प्रयोगातली माणसं भराभर उथळ श्वास घेत होती.

आणि दुसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, उष्णता. आपण नुसते बसलो तरी शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं. धावपळ केली की ती कित्येक पटीने वाढते, कारण स्नायू वापरतात त्या ऊर्जेचा जास्तीत जास्त पाव भाग हालचालीत जातो आणि बाकी सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मोठा मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे बसलेला माणूस साडेसहा तासात जेवढी तयार करतो तेवढी. पण अट एकच, तो वाळला पाहिजे, नुसता निथळून उपयोग नाही.

गंमत म्हणजे ऊब धरून ठेवण्यात पोलादाचा वाटा नगण्य आहे, धातूतून उष्णता सहज निघून जाते. खरी ऊब असते ती आतल्या गॅम्बेसनची, म्हणजे लिननचे थरावर थर शिवून केलेलं गोधडीसारखं जाड जाकीट, पत्र्याशिवाय नुसतंच घालायचं ते तर २५-३० थरांचंही असायचं. हे जाकीट मार शोषून घेतं म्हणून हवंच, पण घामही तेच शोषतं, वरून पत्रा असल्यामुळे वारा लागत नाही आणि ओली हवा आतच कोंडते. ११८७ च्या जुलैमध्ये पॅलेस्टाईनमधल्या हत्तीनच्या लढाईत क्रुसेडर, म्हणजे धर्मयुद्ध लढणारं युरोपी ख्रिस्ती सैन्य पाण्याविना, भर उन्हात चालत राहिलं आणि सुलतान सलादीनने त्यांचा धुव्वा उडवला. तेव्हा पत्र्याचं चिलखत नव्हतं, साखळीचं होतं, पण आतलं जाड कापड आणि तहान तीच. घाम यायलाच पाणी नसेल तर शरीराने करायचं तरी काय?

कपडे किती ऊब धरतात हे मोजायला शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये 'क्लो' नावाचं एकक काढलं. २१ अंशांच्या खोलीत, फारसा वारा नसताना शांत बसलेल्या माणसाला बरं वाटेल एवढे कपडे म्हणजे एक क्लो, साधारण एक सूट. मात्र हवेच्या तापमानावरच सगळं ठरत नाही, गार दगडी भिंतीसमोर बसलं की अंगातली उष्णता भिंतीकडे जात राहते आणि खोलीतली हवा बरी असूनही थंडी वाजते. म्हणून साल्झबर्गच्या त्या किल्ल्यातल्या सोनेरी खोलीतली १५०१ सालची टाइल्सची भली मोठी शेगडी मला इतकी आवडली, तापलेल्या टाइल्स हळूहळू उष्णता सोडत राहतात आणि ती थेट अंगाला लागते.

आता आपल्याकडे एसी आहे, हलके कपडे आहेत, पण ज्याला अंग झाकून काम करायचंय त्याची अडचण जुनीच आहे. बॉम्ब निकामी करणाऱ्यांचा सूट आजही ३५ किलोच्या आसपास असतो, आगीत शिरणाऱ्या जवानाचा पोशाख बाहेरची धग अडवतो तशी आतलीही अडवतो. कोविडमध्ये डॉक्टर-नर्सेसनी घातलेले पीपीई किट तर वजनाला काहीच नव्हते, तरी आतून सगळे चिंब व्हायचे, कारण घामाला बाहेर जायला वाटच नव्हती. म्हणून अशा कामांत थोडा वेळ काम, मग पोशाख उतरवून विश्रांती आणि पाणी, असं वेळापत्रक बांधून घ्यावं लागतं आणि काही ठिकाणी पोशाखाच्या आत बर्फाची किंवा गार पाण्याच्या नळ्यांची बंडी घालतात.