बोगार्टचा सर्वोत्तम चित्रपट कोणता? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

हॉलिवूडचा नट हम्फ्री बोगार्ट याचा सर्वोत्तम चित्रपट कोणता, यावर त्याच्या चाहत्यांमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. ‘कासाब्लांका’चे नाव सहसा सर्वांत आधी निघते आणि खरी वादावादी त्यानंतर सुरू होते. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. मात्र बोगार्टचा रांगडेपणा पडद्यावर कसा घडत गेला आणि त्याचे कोणते चित्रपट प्रेक्षकांना कधी पाहायला मिळाले, हे ध्यानात घेतल्याशिवाय या वादातल्या बाजू नीट उलगडत नाहीत.

पडद्यावर गुंड म्हणून गाजलेला हा नट जन्माने न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरातला होता. त्याचा जन्म २५ डिसेंबर १८९९ चा. वडील शल्यचिकित्सक, आई नावाजलेली चित्रकार. १९२० च्या दशकात ब्रॉडवेच्या रंगभूमीवर तो नीटनेटक्या, श्रीमंत तरुणांच्या भूमिका करत असे. १९३५ साली ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’ या नाटकात त्याला ड्यूक मँटी या फरारी गुन्हेगाराची भूमिका मिळाली आणि त्याची दिशाच बदलली. वॉर्नर ब्रदर्सने या नाटकावर चित्रपट काढायचे ठरवले तेव्हा ही भूमिका एडवर्ड जी. रॉबिन्सनला देण्याचा त्यांचा विचार होता. परंतु नाटकाचा नायक लेस्ली हॉवर्ड याने बोगार्ट नसेल तर आपणही काम करणार नाही, अशी तार स्टुडिओला केली. बोगार्टने हे ऋण कायम मानले आणि १९५२ साली झालेल्या मुलीचे नाव लेस्ली ठेवले.

चित्रपट १९३६ साली आला, पण मोठेपण आले नाही. त्यानंतरच्या पाच वर्षांत बोगार्टने पंचवीसहून अधिक चित्रपट केले आणि त्यांतल्या बहुतेकांत जेम्स कॅग्नी किंवा रॉबिन्सन यांच्या सावलीत उभा राहणारा दुय्यम गुंड रंगवला. स्टुडिओशी केलेला करार असा असे की मिळेल ती भूमिका करावी लागे. नकार दिला तर बिनपगारी घरी बसावे लागे. शिवाय १९३४ पासून चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे राबवली जाऊ लागली होती. गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे, हा तिचा दंडक असल्याने शेवटच्या रिळात गोळी खाणे बोगार्टच्या वाट्याला वारंवार आले. या चित्रपटांपैकी फारच थोड्यांचे नाव आज वादात निघते, तरीही ते वाया गेले असे मला वाटत नाही. इतकी वर्षे खलनायक केलेल्या माणसाचा चेहरा प्रेक्षकाला पुढे नायक म्हणूनही पुरता विश्वासाचा वाटत नाही, आणि बोगार्टच्या उत्तम चित्रपटांतला ताण याच अविश्वासातून येतो.

१९४१ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या ‘हाय सिएरा’ आणि ‘द माल्टीज फाल्कन’ या दोन्ही चित्रपटांतली मुख्य भूमिका आधी जॉर्ज राफ्टने नाकारली होती. ‘फाल्कन’ हा जॉन ह्यूस्टनने दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट होता आणि डॅशिएल हॅमेटच्या त्याच कादंबरीवर वॉर्नरने आधी दोनदा चित्रपट काढले होते. नवख्या माणसाच्या हाताखाली तीच गोष्ट पुन्हा करण्यात राफ्टला रस नव्हता. बोगार्टने रंगवलेल्या सॅम स्पेड या खासगी गुप्तहेराचा एक क्षण मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. जाड्या गटमनच्या खोलीत स्पेड संतापाने ओरडतो, पेला फोडतो, दार आपटून बाहेर पडतो. बाहेरच्या मार्गिकेत येताच त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते, म्हणजे तो संताप बनावट होता. पण मग तो स्वतःच्या हाताकडे पाहतो आणि तो हात थरथरत असतो. कणखरपणा हे सोंग आहे आणि सोंग घेणाऱ्यालाही भीती वाटते, एवढे सारे एकही शब्द न उच्चारता त्या काही सेकंदांत सांगून होते. ‘फाल्कन’ला पहिला क्रमांक देणाऱ्यांना मी हाच प्रसंग आठवून मान देतो.

‘कासाब्लांका’च्या यशात काळाचाही हात होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहराचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. स्टुडिओने ही संधी साधून २६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ केला. जानेवारी १९४३ मध्ये तो सर्वत्र प्रदर्शित होत होता, तेव्हा रूझवेल्ट आणि चर्चिल यांची परिषद त्याच शहरात भरली होती. चित्रीकरण चालू असतानाही पटकथा लिहिली जात होती, हे आज पाहताना खरे वाटत नाही. सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली. बोगार्टला नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र पॉल लुकासला गेले. वरून तुसडा आणि आतून हळवा असा बोगार्ट लोकांच्या मनात ठसला तो रिकच्या या भूमिकेने. त्याची पत्नी, अभिनेत्री लॉरेन बकॉल हिच्याबरोबरचे चित्रपट, त्यातही १९४६ चा ‘द बिग स्लीप’, याच प्रतिमेला खट्याळपणाची जोड देतात. त्याचे कथानक इतके गुंतागुंतीचे आहे की त्यातल्या मोटारचालकाला कोणी मारले, हे मूळ लेखक रेमंड चँडलरलाही सांगता आले नव्हते, अशी आठवण नेहमी सांगितली जाते.

वादाची दुसरी बाजू १९४८ च्या ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’पासून सुरू होते. ह्यूस्टनने तो बऱ्याच अंशी मेक्सिकोत जाऊन चित्रित केला. बोगार्टचा फ्रेड डॉब्स सुरुवातीला रस्त्यावर भीक मागताना दिसतो. पांढऱ्या पोशाखातल्या एकाच अमेरिकन माणसाकडे तो न कळत तीनदा हात पसरतो आणि तो माणूस म्हणजे स्वतः ह्यूस्टन आहे. पुढे सोने सापडते आणि डॉब्सच्या मनात संशय घर करतो. सोबत्यांकडे त्याचे तिरके पाहणे, रात्री शेकोटीपाशी स्वतःशीच पुटपुटणे आणि दाढीच्या जंगलातून चमकणारे डोळे यांत रिकचा मागमूसही उरत नाही. ह्यूस्टनला दिग्दर्शन आणि पटकथेसाठी, तर त्याचे वडील वॉल्टर ह्यूस्टन यांना सहायक भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. बोगार्टला नामांकनसुद्धा मिळाले नाही आणि चित्रपटाने अपेक्षेइतका गल्लाही जमवला नाही. नायकाला असा लाचार आणि वेडसर होताना पाहणे त्या काळच्या प्रेक्षकाला रुचले नसावे. ऑस्कर त्याला मिळाले ते ‘द आफ्रिकन क्वीन’मधल्या गबाळ्या, दारुड्या नावाड्यासाठी. ती भूमिका प्रेमळ आहे, पण त्याच्या उत्कृष्ट कामात मी तिला डॉब्सच्या खालचे स्थान देईन.

१४ जानेवारी १९५७ रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने बोगार्टचे निधन झाले आणि आज आपण ओळखतो तो वाद त्यानंतरच आकाराला आला. फ्रान्समध्ये त्याची पायाभरणी आधीच झाली होती. युद्धकाळात अडलेले अमेरिकन चित्रपट १९४६ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये एकदम दाखल झाले आणि ‘फाल्कन’सारख्या काळोख्या गुन्हेपटांसाठी नीनो फ्रँक या समीक्षकाने ‘फिल्म न्वार’ हा शब्दप्रयोग केला. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या १९६० च्या ‘ब्रेथलेस’मध्ये नायक बेलमोंदो चित्रपटगृहाबाहेरच्या बोगार्टच्या छायाचित्रासमोर थबकतो आणि त्याच्यासारखा ओठांवरून अंगठा फिरवतो. अमेरिकेत केंब्रिज गावच्या ब्रॅटल थिएटरने १९५७ साली ‘कासाब्लांका’ पुन्हा लावला. पुढे हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दिवसांत बोगार्टचे चित्रपट पाहण्याचा प्रघात पाडला. पडद्याबरोबर संवाद म्हणणारी ही तरुण मंडळीच या वादाची पहिली खरी पंचमंडळी होती.

त्याहून मोठे कारण व्यवहाराचे होते. १९५६ साली वॉर्नरने आपले १९५० पूर्वीचे चित्रपट २ कोटी १० लाख डॉलरना विकून टाकले आणि ते घरोघरच्या दूरचित्रवाणीवर वारंवार दिसू लागले. पुढे अनेक हातांतून हा साठा वाहिन्यांचा मालक टेड टर्नर याच्याकडे आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे केबलवर दिवसभर कार्टून दाखवणाऱ्या वाहिनीवर रात्री टर्नरचीच टीएनटी ही चित्रपटवाहिनी सुरू होत असे, तेव्हा पुण्या-मुंबईच्या घरांत पोहोचलेले जुने हॉलिवूड प्रामुख्याने याच साठ्यातले होते. बोगार्टने इतरत्र केलेल्या चित्रपटांना हे भाग्य लाभले नाही. ‘द आफ्रिकन क्वीन’ची तर अधिकृत डीव्हीडी अमेरिकेत २०१० पर्यंत निघाली नव्हती.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या याद्यांवर याची छाया स्पष्ट दिसते. १९९८ च्या शंभर चित्रपटांच्या यादीत ‘कासाब्लांका’ दुसरा, ‘आफ्रिकन क्वीन’ सतरावा, ‘फाल्कन’ तेविसावा आणि ‘सिएरा माद्रे’ तिसावा होता. १९९९ साली याच संस्थेने बोगार्टला जुन्या पुरुष नटांत पहिले स्थान दिले. २००७ च्या फेरयादीत ‘आफ्रिकन क्वीन’ पासष्टाव्या क्रमांकावर घसरला. ‘इन अ लोनली प्लेस’ या दोन्ही याद्यांत नाही, आणि माझे मत नेमके त्याच चित्रपटाला आहे.

बोगार्टच्या स्वतःच्या सँटाना या निर्मितीसंस्थेने काढलेला हा चित्रपट १९५० साली आला; दिग्दर्शक निकोलस रे. बोगार्ट यात डिक्सन स्टील नावाचा पटकथालेखक आहे आणि त्याच्यावर एका मुलीच्या खुनाचा संशय आहे. पोलीस असलेल्या मित्राच्या घरी जेवताना तो मित्राला आणि त्याच्या पत्नीला शेजारी बसवून खून कसा झाला असेल ते करून दाखवायला सांगतो. तो बोलत राहतो, त्याच्या डोळ्यांवर प्रकाशाची पट्टी पडते, मित्राच्या हाताची पकड पत्नीच्या गळ्याभोवती आवळत जाते आणि तिचा श्वास कोंडतो तेव्हा कुठे सगळे भानावर येतात. येथे रांगडेपणाला कोणतेही गोड आवरण उरलेले नाही. मूळ पटकथेत डिक्सन शेवटी आपली प्रेयसी लॉरेल हिचाच गळा घोटतो. निकोलस रेने तो शेवट चित्रितही केला होता, मग तो बाजूला ठेवून सेटवर नवा शेवट घडवला. आता पोलिसांचा फोन येतो आणि डिक्सन निर्दोष असल्याचे कळते. पण त्याआधी काही क्षण त्याचे हात लॉरेलच्या गळ्यावर होते. तो काही न बोलता बाहेर पडतो, अंगण ओलांडून कमानीतून निघून जातो आणि ती दारातून त्याच्याकडे पाहत राहते.