चुक्याचा थंड देशातला भाऊबंद

आंबट चुक्याची आपण पानं खातो. त्याच कुळातल्या रुबार्बचं नेमकं उलट: देठ खायचा, पान टाकायचं. दोघांतही ऑक्झॅलिक आम्ल असतं, पण रुबार्बच्या पानात ते इतकं असतं की भाजी म्हणून खाल्लं तर विषबाधा होते. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे ब्रिटनमध्ये ही पानं खाण्याचा सल्ला दिला गेला होता. माणसं दगावली, तेव्हा तो मागे घेतला.

देठ मात्र खुशाल शिजवावा. भरपूर साखर लागते, एवढंच.

रुबार्ब बियांपासून लावण्यापेक्षा त्याचा गड्डा लावणं सोपं. हा गड्डा म्हणजे झाडाची कणगी. उन्हाळाभर पानांनी केलेली कमाई तिथे पिठूळ रूपात साठते. हिवाळ्यात पानं मरतात आणि गड्डा झोपी जातो. ही झोप त्याला हवीच असते: काही आठवडे ५ अंशांच्या आसपास थंडी मिळाली, की साठ्यातल्या स्टार्चची साखर होते आणि डोळे फुटायला तयार होतात. पुण्या-नाशिकच्या गुलाबी थंडीत एवढी झोप होत नाही आणि एप्रिल-मेचं ऊन त्याला सोसत नाही. इंग्लंड-कॅनडात परसबाग असलेल्यांनी मात्र जरूर लावावा. (हिमालयात त्याचे रानटी नातेवाईक आहेत. काष्ठौषधींच्या दुकानातली रेवाचिनी म्हणजे त्यांचंच मूळ.)

कणगीचा हिशोब ध्यानात ठेवला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही, कारण प्रत्येक पान कमावतं आहे. दुसऱ्या वर्षी मोजके काढावेत. पुढेही निम्मे तरी झाडावर राहू द्यावेत. फुलाचा दांडा दिसताच छाटावा, नाहीतर साठा बियांवर खर्ची पडतो. देठ सुरीने कापू नये, बुडाशी धरून पिळून ओढावा. मागे राहिलेलं खुंट कुजतं. पाच-सहा वर्षांनी गड्डा फार दाटला, की हिवाळ्यात फावड्याने त्याचे तुकडे करावेत, प्रत्येकाला निदान एक डोळा राहील असे.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे शेतकरी तर कणगी रिकामीच करतात. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्याला ‘रुबार्ब त्रिकोण’ म्हणतात. तिथे गड्डे दोन वर्षं शेतात नुसते पोसतात, देठ काढत नाहीत. थंडी खाऊन झाली की ते उपटून उबदार, काळोख्या शेडमध्ये मांडतात. उजेड शोधत देठ भराभर लांबतात. पान मात्र पिवळं, चिमुकलंच राहतं, कारण अंधारात हरितद्रव्य बनत नाही. कमाई शून्य, सगळा खर्च साठ्यातून. म्हणूनच हे देठ गुलाबी, कोवळे आणि कमी आंबट. वाढ इतकी वेगाने होते की कळ्या उघडताना टपटप आवाज येतो! तोडणी मेणबत्तीच्या उजेडात करतात. जास्त प्रकाश पडला तर देठ राठ होतील. २०१० साली या रुबार्बला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. गड्ड्याच्या नशिबी मात्र शेवटी खतच.

घरी हाच खेळ बादलीने जमतो. जानेवारीच्या सुमारास ती डोळ्यांवर पालथी घालायची आणि वर एखादा दगड ठेवायचा. देठ काढून झाले की बादली उचलायची आणि त्या झाडाला निदान पुढचं वर्षभर हात लावायचा नाही.