साष्टांग नमस्कार वेगळा आणि लोटांगण वेगळं

दादाला डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट्स रोज खाली जात होत्या आणि आई हॉस्पिटलच्या पॅसेजमधल्या बाकावर बसून सोनुर्लीच्या माउली देवीला नवस बोलली, ह्याला बरा करून घरी पाठव, लोटांगण घालीन. दादा बरा झाला, भांडुपला घरी आला, मऊ भात खायला लागला आणि मग प्रश्न उभा राहिला की आई बोललीय ते फेडायचं म्हणजे नक्की काय करायचं. मी म्हटलं देवीसमोर आडवं पडून नमस्कार, झालं. वहिनी सोलापूरकडची, ती म्हणाली नाही हो भाऊजी, आमच्याकडे तुळजापूरला दंडवत घालत जातात तसं असणार. आणि आई म्हणाली तुम्हा दोघांनाही माहीत नाही, लोटांगण म्हणजे देवळाला लोळत फेरी. शब्द एक आणि तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी. मग मी जरा खोलात गेलो, गावी फोन केले, दोन-तीन देवळांत गुरुजींना विचारलं, आणि आता वाटतं की हे नीट लिहून ठेवलं पाहिजे कारण मुंबईत वाढलेल्या बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो.

गोंधळाचं मूळ बहुतेक आरतीत आहे. गणपतीत सोसायटीच्या मंडपात आरती संपत आली की सगळे 'घालीन लोटांगण' सुरू करतात आणि त्या ओळीला काय करतात, तर हात जोडून जागच्या जागी स्वतःभोवती गोल फिरतात. लहानपणापासून हेच बघितलंय त्यामुळे पुष्कळांना वाटतं की हेच लोटांगण. पण ती प्रदक्षिणा आहे. मंडपात मूर्तीभोवती फिरायला जागा नसते म्हणून स्वतःभोवतीच फिरून घ्यायचं, तिला आत्मप्रदक्षिणा म्हणतात, आणि ते करण्यात चूक काहीच नाही. फक्त तोंडाने म्हणतोय एक आणि अंगाने करतोय दुसरंच. ते पहिलं कडवं मराठी, संत नामदेवांचं, शेवटी 'म्हणे नामा' येतं बघा, पुढची कडवी संस्कृत आहेत आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन एकत्र म्हटली जातात. आणि नामदेवांच्या ओळीत लोटांगणाच्या लगेच पुढे वंदीन चरण आहे, म्हणजे तिथे अर्थ पायावर अंग टाकून देणं असाच लागतो, लोळत फेरी नाही. त्यामुळे मीही अगदीच चुकीचा नव्हतो. जुन्या मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या खूप जवळ होते, आणि आजही पेपरात 'दिल्लीपुढे लोटांगण' अशी हेडिंग येते तेव्हा कुणी लोळत गेलेलं नसतं, पूर्ण शरण गेला एवढंच म्हणायचं असतं. पण देवळात, जत्रेत, नवसाच्या भाषेत मात्र आज दोन्हींचे रस्ते वेगळे झालेत आणि तिथे फरक कळला नाही तर आमच्यासारखी पंचाईत होते.

आधी साष्टांग घेऊ. स अधिक अष्ट अधिक अंग, आठ अंगांसहित. ही आठ अंगं कुठली विचारलं की बहुतेक जण कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे, दोन पावलं असं मोजून दाखवतात, शाळेत सूर्यनमस्कार घातलेले असतात त्याचा हा परिणाम. सूर्यनमस्कारातल्या त्या स्थितीत जमिनीला टेकणारी अंगं हीच, आणि पोट वर उचललेलं असतं. पण नमस्काराचा जो श्लोक आहे, उरसा शिरसा दृष्ट्या मनसा वचसा तथा, पद्भ्यां कराभ्यां जानुभ्यां प्रणामोऽष्टाङ्ग उच्यते, त्यातली यादी वेगळी आहे. छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात, गुडघे. दोन पाय मिळून एक, दोन हात मिळून एक, आणि आठातली तीन अशी की जी जमिनीला टेकूच शकत नाहीत. मला हे कळलं तेव्हा खरंच थांबल्यासारखं झालं, कारण मी इतकी वर्षं पाच अंगांचाच नमस्कार घालत होतो, आडवा पडायचो आणि डोक्यात चप्पल बाहेर आहे ना याचा विचार. डोळे मूर्तीचं रूप धरून आहेत, तोंडात नाव आहे, मन दुसरीकडे गेलेलं नाही आणि मग अंग जमिनीवर, तेव्हा कुठे तो साष्टांग. काठी पडावी तसं सरळ पडायचं म्हणून त्यालाच दंडवत म्हणतात, दंड म्हणजे काठी, आणि महानुभाव पंथातली माणसं तर एकमेकांना भेटल्यावर 'दंडवत प्रणाम' असंच म्हणतात. आमचे आजोबा गावाहून पत्र पाठवायचे, आपल्या थोरल्या भावाला लिहिलं की सुरुवात शि. सा. न. वि. वि., शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. भाऊ लालबागला, आजोबा गावाला, आणि अंतर कितीही असलं तरी कागदावर आधी आडवं पडायचं आणि मग विषयाला हात घालायचा. मला ते अजून फार आवडतं.

तर साष्टांग हा नमस्कार आहे. एका जागेवर होतो, अर्ध्या मिनिटात पूर्ण होतो, त्यासाठी आधी काही बोलावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही, देव दिसला आणि आत काही हललं की घालावा. देवासमोर, गुरूसमोर, आईवडिलांसमोरही.

लोटांगणाचं तसं नाही. लोटणं आणि अंग, अंग लोटत न्यायचं. हात डोक्याच्या वर लांब करून जोडायचे, अंग ताठ ठेवायचं आणि देवळाभोवती कुशीवर लोळत लोळत फेरी पूर्ण करायची, देव उजव्या हाताला राहील अशीच, म्हणजे प्रदक्षिणेची दिशा. तिरुपतीला तिरुमलावर याला अंगप्रदक्षिणा म्हणतात, पुष्करिणीत, म्हणजे देवळाच्या तळ्यात, बुडी मारून ओल्या कपड्यांनी पहाटे घालतात, आणि ते नाव जास्त नेमकं आहे कारण शेवटी ही प्रदक्षिणाच आहे, पायांऐवजी अख्ख्या अंगाने घातलेली. आपल्याकडे सावंतवाडीजवळ सोनुर्लीच्या माउलीची जत्राच मुळी लोटांगणाची जत्रा म्हणून ओळखली जाते. कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला भरते आणि परळ, लालबाग, भांडुपचे कितीतरी चाकरमानी रजा टाकून तेवढ्यासाठी गावी जातात. दिवसभर उपास, रात्री लोटांगण. आणि यामागे बहुतेक वेळा नवस असतो, कुणीतरी कुठल्यातरी अडचणीत बोललेलं असतं आणि ते फेडायला माणूस आलेला असतो. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. साष्टांग आज घातला नाही तर उद्या घालाल, पण बोललेलं लोटांगण घातलं नाही की ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं बसून राहतं, प्रत्येक आजारपणात आठवतं.

वहिनी म्हणत होती तो तिसरा प्रकार, दंडवत घालत जाणं. त्यात लोळायचं नसतं. साष्टांग घालायचा, हात पुढे पोचतात तिथे खूण करायची, उठून त्या खुणेवर उभं राहायचं, परत आडवं पडायचं, असं आपल्या अंगाच्या लांबीने रस्ता मोजत देवापर्यंत जायचं. गोवर्धनाला असं करतात, तिथली परिक्रमा २१ किलोमीटरची आहे आणि दंडवत घालत जाणाऱ्याला कित्येक दिवस लागतात. म्हणजे प्रत्येक टप्पा साष्टांगाचा आणि सगळं मिळून व्रत लोटांगणासारखं. म्हणूनच सोलापूरची माणसं आणि सिंधुदुर्गची माणसं एकमेकांशी बोलायला लागली की एकाचं दंडवत दुसऱ्याला लोटांगण वाटतं.

बायकांनी काय करायचं हे पण विचारतात. परंपरेने बायका साष्टांग घालत नाहीत, पंचांग घालतात, म्हणजे दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ टेकवायचं, छाती आणि पोट जमिनीला लावायचं नाही. सोनुर्लीला लोटांगणातही तोच धागा दिसतो, पुरुष आडवे लोळतात आणि बायका उभ्याने घालतात, हात जोडून चालत. तरी त्याला लोटांगणच म्हणतात आणि नवस तेवढाच पूर्ण फिटतो. माझं स्वतःचं मत सांगतो, एखादी बाई भक्तीने साष्टांग घालत असेल तर तिला मधेच टोकणं मला तरी पटत नाही, पण जिथे ज्या देवळाची रीत आहे तिथे ती आधी विचारून घ्यावी. आणि ज्यांचे गुडघे गेलेत, ऑपरेशन झालंय, त्यांनी उभं राहून मान खाली घालून नमस्कार केला तर त्यात कमीपणा शून्य. माझे बाबा तसाच करतात आणि त्यांचे डोळे ज्या पद्धतीने मूर्तीवर असतात ते बघून मला त्या श्लोकातली दृष्टी आठवते.

आता मुंबईत हे घालायचं कुठे. सिद्धिविनायक १८०१ मध्ये झाला तेव्हा अगदी लहान देऊळ होतं, समोर मोकळी जागा असणार. आज तिथे गाभाऱ्यासमोर काही सेकंद मिळतात, मागून लाइन पुढे सरकत असते, तिथे आडवं पडायला जाऊ नका, मागच्या म्हातारीचा पाय तुमच्या हातावर पडेल. हात जोडा, मान झुकवा, रूप डोळ्यांत घ्या आणि पुढे सरका, साष्टांग घालायचाच असेल तर बाहेर कळसाकडे बघून कडेला घाला. वडाळ्याच्या विठोबाला आषाढीला पण तेच. एरवी दुपारच्या वेळी लहान देवळात सभामंडपात फरशीत बसवलेलं कासव असतं, त्याच्या मागे जागा असते, तिथे निवांत घालता येतो. माटुंग्याला, चेंबूरला दाक्षिणात्य पद्धतीची देवळं आहेत, त्या पद्धतीत साष्टांग गाभाऱ्याच्या दारात घालत नाहीत, ध्वजस्तंभाजवळ घालतात, कारण आत आजूबाजूला इतर देवता असतात आणि आडवं पडलं की पाय कुणाकडे तरी होतात. हा नियम मला कुठल्याही देवळासाठी उपयोगी वाटतो, पडायच्या आधी एकदा मागे वळून बघायचं की आपले पाय कुठल्या देवाकडे जाणार आहेत. शंकराच्या देवळात नंदी आणि पिंड यांच्या मधे तर पडूच नये. आणि लोटांगण मुंबईतल्या देवळात स्वतःच्या मनाने सुरू करू नका, गर्दीत ते धोक्याचं आहे, जिथे त्याची रीत आणि वेळ ठरलेली आहे तिथेच जाऊन घाला.

आम्ही दादरहून तुतारी एक्सप्रेसने सोनुर्लीला गेलो. देवळात गावच्या एका वयस्कर मानकऱ्याला आईने सगळं सांगितलं, मुलगा आजारी होता, बोलले होते, आणि आमच्या घरातला वादही सांगितला. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी काय बोललात ता सांगा." आई म्हणाली, लोटांगण घालीन बोलले. ते म्हणाले, मग तुम्ही उभ्याने घाला, आणि मुलाला अंगाने घालायचं असेल तर घालू दे, त्याची इच्छा, तो नवसात धरलेला नाही.

दादाने घातलं. मी त्याच्या बाजूने चालत होतो आणि तेव्हा कळलं की सोबत माणूस का लागतो. माणूस खांद्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळता, त्यामुळे लोळताना अंग सरळ जात नाही, पायाच्या बाजूला वळत जातं. पाय देवीकडे नकोत म्हणून डोकं देवळाकडे ठेवलेलं, तर चार-पाच पलट्या झाल्या की दादा देवळापासून लांब जायचा आणि मी खांद्याला धरून त्याला परत ओळीत आणायचो. डोळे मिटलेले, दिवसभर पोटात काही नाही, मागच्या कोपऱ्यावर तो थांबला, चक्कर आली होती, मी म्हटलं बस कर, त्याने नुसती मान हलवली आणि परत कूस वळवली. आई पुढे पुढे हात जोडून चालत होती, एकदाही मागे बघितलं नाही तिने.

फेरी पूर्ण झाल्यावर दादा उठला, पाठीला माती, केसांत माती, कोपर सोललेलं. अंग धुऊन आला, ओल्या कपड्यांनीच आत गेला आणि देवीसमोर सरळ आडवा पडला, हात पुढे जोडून, कपाळ टेकवून, आणि बराच वेळ उठलाच नाही. आई बाजूला गुडघ्यांवर बसली होती. तिने त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, आता उठ, फिटलं.